तीनशे सत्तर किलोंचा समुद्र

माशांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी घ्यायची हे ठरवायला ग्रंथपालांना एक मिनिट लागलं. कुठली घ्यायची हे ठरवायला सात महिने लागले, आणि तरीही ते ठरेना, तेव्हा त्यांच्या बायकोने वहीच काढून घेतली.

वही दोनशे पानी होती. तिच्यात साठ लिटरपासून चारशे लिटरपर्यंत चौदा टाक्या होत्या. एकेका टाकीला चार-चार पानं, पानावर गुण आणि दोष असे दोन रकाने, आणि तळाशी लाल शाईत शेरा. शेरे वाचले तर प्रत्येक टाकी घेण्यासारखी होती आणि कुठलीही घेतली तरी पस्तावण्यासारखी होती. ग्रंथपालांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी इमारतीत त्यांना सगळे ग्रंथपालच म्हणत. त्यांनाही ते बरं वाटे. ग्रंथपालाला कुणी मत विचारत नाही. पुस्तक कुठे आहे तेवढंच विचारतात.

"अहो, महिनाअखेरपर्यंत काय ते सांगा," बायको म्हणाली. "सात महिने तो कोपरा मोकळा ठेवलाय मी. नाहीतर तिथे शिलाई मशीन येईल."

"साठ लिटरची आटोपशीर आहे," ग्रंथपाल म्हणाले. "पण पाणी कमी असलं की बिघडतंही लवकर. दोन दिवस पाणी उडून गेलं तरी खारटपणा चढतो. चारशेची असली तर..."

"तर?"

"तर ती चारशेची असते."

बायकोने वही डब्यांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली.

यात ग्रंथपालांचा अगदीच दोष नव्हता, असं म्हणायला जागा आहे. तीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडे अशी एक टाकी होती. दीड वर्ष चालली, मग मासे एकामागून एक गेले. काय चुकलं हे कुणीच सांगू शकलं नाही, तेव्हा सगळं आपलंच चुकलं असं त्यांनी सोयीसाठी धरून टाकलं. आता नवी पुस्तकं वाचली तर खरोखरच सगळं चुकलेलं होतं. वाळूखालची गाळणी चुकीची, दिवा चुकीचा, नळाचं पाणी तर गुन्हाच. आणि शोभेला म्हणून मांडलेली ती पांढरीशुभ्र प्रवाळं म्हणजे निव्वळ सांगाडे. दीड वर्ष आपण बिचाऱ्या माशांना हाडांच्या ढिगात नांदवलं, हे कळल्यावर दुसरा कुणी त्या वाटेला गेला नसता. ग्रंथपालांना मात्र वाटू लागलं, की एकदा तरी नीट करून बघावं. भीती एवढीच, की आता जर नाही जमलं तर दोष द्यायला नळाचं पाणीही उरणार नाही.

मत्स्यालयाच्या दुकानदाराला त्यांची सवय झाली होती. दुकानात निळसर उजेड असे आणि त्या उजेडात हा गृहस्थ एका स्टुलावर बसून मासे बघत असे, जणू दुकान दुसऱ्या कुणाचं आहे आणि हा वेळ काढायला आलाय.

"नववी खेप," तो मान न वळवता म्हणाला.

"दहावी," ग्रंथपाल म्हणाले. नोंद चुकीची राहिलेली त्यांना सहन होत नसे. "मला नवशिका धरलं तर..."

"नवशिक्याने मोठी घ्यावी. परत आलेल्याने त्याहून मोठी."

"परत आलेल्याने का?"

"नवशिक्याला काही येत नसतं. परत आलेल्याला चुकीचं येत असतं." इथे त्याने पहिल्यांदा ग्रंथपालांकडे पाहिलं. "दोनशे लिटरच्या खाली मी तुम्हाला विकणार नाही. मासे माझे आहेत. मला त्यांचंही बघावं लागतं."

अपमान झाला होता हे नक्की, पण त्यातला युक्तिवाद इतका बिनतोड होता, की ग्रंथपालांनी तो खिशातल्या चिठ्ठीवर उतरून घेतला. पाणी, वाळू, दगड, काच आणि खालचं कपाट धरून दोनशे लिटरचं वजन होतं तीनशे सत्तर किलो. तोही आकडा त्यांनी लिहिला आणि घरी येऊन बायकोला सांगितला. दार उघडं होतं. समोरच्या वहिनींनी ऐकला.

समोरच्या वहिनींना ऐकण्याची आवड होती आणि सांगण्याची त्याहून जास्त. "खारं पाणी?" त्या दारातूनच म्हणाल्या. "भाऊजी, पंख्याला गंज चढेल. बिजागऱ्या जातील. माझ्या भाच्याच्या साडूने ठेवली होती, तर त्याच्या मनगटावरचं घड्याळ बंद पडलं."

"घड्याळ कसं काय बंद पडेल?"

"हात बुडवला ना त्याने. त्यापेक्षा ते पडद्यावरचे मासे लावा. खात नाहीत, मरत नाहीत, आणि पाहुणे आले की बंद करता येतात."

संध्याकाळपर्यंत तीनशे सत्तरचे पाचशे झाले होते आणि सेक्रेटरींचा निरोप आला होता. सोसायटीच्या नियमाप्रमाणे शंभर किलोंवरच्या कुठल्याही वस्तूसाठी अर्ज लागतो.

अर्ज एक पानी होता. त्यात 'वस्तूचे स्वरूप' असा एक रकाना होता, बोटभर रुंद. इथे जगातल्या कुठल्याही माणसाने 'शोभेची टाकी' असं लिहून सही ठोकली असती आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण ग्रंथपालांनी चौतीस वर्षं प्रत्येक वस्तूचं स्वरूप ठरवून तिच्या पाठीवर क्रमांक चिकटवला होता. 'शोभेची टाकी' हे त्यांना लबाडीचं वाटलं. त्यांनी रकान्यात 'सोबत जोडले आहे' असं लिहिलं आणि दोन पानं जोडली.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी त्यांना ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या आणि शिक्क्यांचा एक स्टँड, ज्यावर सात शिक्के उलटे टांगलेले होते.

"हे प्रवाळ म्हणजे नक्की काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"प्राणी आहे."

"इथे लिहिलंय की झाडासारखं वाढतं."

"दिसतं झाडासारखं. त्याच्या अंगात एक प्रकारचं शेवाळ राहतं. म्हणून त्याला उजेड लागतो."

"आणि हा दगड?"

"तो त्याचा तोच बांधतो."

सेक्रेटरींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे प्राणी आहे, झाड आहे, आणि बांधकामही आहे."

"तसं म्हटलं तर..."

"तसंच म्हटलंय तुम्ही. सहीनिशी. साहेब, आपल्याकडे प्राण्यांचे नियम वेगळे, कुंड्यांचे वेगळे, बांधकामाचे वेगळे. यातले मी लावू कुठले?"

ग्रंथपालांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तिन्ही लागू होतात," ते म्हणाले.

घरी येऊन हे सांगितल्यावर बायकोने कपाळावर हात मारून घेतला, पण तोवर शिक्का पडला होता. पाळीव प्राणी एका घरात दोनच, प्रत्येकाचा फोटो आणि लस टोचल्याचा दाखला जोडायचा. कुंडीखाली ताटली हवी. आणि दगड-वाळू सकाळी दहा ते एक याच वेळात वर न्यायची, लिफ्टला आतून गोणपाट लावून.

"दोनच?" ग्रंथपालांनी चाचरत विचारलं होतं. "एका तुकड्यातच शेकड्यांनी असतात. अर्थात ते सगळे मिळून एकच प्राणी, असंही धरता येतं." इथे ते थांबले असते तर बरं झालं असतं. "पण त्यावर तज्ज्ञांत दुमत आहे."

सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता. "मग मी एक धरतो," तो म्हणाला होता. "तुम्ही वाटेल तेवढे धरा, फक्त लेखी देऊ नका. लसीचं मी बघतो. पण वजनाला इंजिनियरचा दाखला लागेल, आणि खाली राहणाऱ्याची सही."

इंजिनियर बाई गुरुवारी आल्या. हातात टेप, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. टाकीसाठी ठेवलेल्या कोपऱ्यात त्यांनी टाचेने जमीन ठोकली, भिंतीला कान लावला, मान हलवली. ग्रंथपालांचा जीव भांड्यात पडला. मग बाई वळल्या आणि त्याच भिंतीला लागून, कोपऱ्यापासून दारापर्यंत उभ्या असलेल्या कपाटांकडे बघत राहिल्या.

"हे काय आहे?"

"पुस्तकं."

"ते दिसतंय. वजन किती?"

ग्रंथपालांना पुस्तकांबद्दल आयुष्यात पुष्कळ प्रश्न विचारले गेले होते. हा नव्हता. विषय, लेखक, आवृत्ती, पृष्ठसंख्या, उंची सेंटिमीटरात, हे सगळं त्यांनी सांगितलं असतं. बाईंनी उत्तराची वाट न बघता टेप काढली आणि फळ्या मोजायला सुरुवात केली. पुस्तकं म्हणून नव्हे, तर कापड मोजावं तशी.

"ओळीतला एक फूट म्हणजे साधारण दहा किलो," त्या म्हणाल्या. "ब्याण्णव फूट आहेत. नऊशे वीस किलो."

"पण ती तीस वर्षं इथेच आहेत."

"पहिल्या दिवशी ब्याण्णव फूट होती का?"

नव्हती. पहिल्या दिवशी अकरा फूट होती. ग्रंथपालांनी खाली बघितलं.

बाईंनी उभ्या उभ्या लिहिलं: या भिंतीशी आणखी भार टाकू नये, जेवढं नवीन येईल तेवढं जुनं आधी जावं. म्हणजे टाकी हवी असेल तर तीनशे सत्तर किलो पुस्तकं बाहेर. "काळजीचं काही नाही," जाता जाता त्या म्हणाल्या, "पण यापुढे जाडी पुस्तकं घेऊ नका." ग्रंथपालांना पुढचा तासभर हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

रिपोर्टची एक प्रत नियमाप्रमाणे खालच्या मजल्यावर गेली. खाली दंतवैद्य राहत. एकटेच, स्वभावाने सावध. लोकांच्या तोंडात आयुष्यभर काय काय कोसळताना पाहिल्यामुळे असेल, पण कुठल्याही वस्तूच्या मुळाबद्दल त्यांना खात्री नसे. तासाभरात ते वर आले, रिपोर्ट हातात घेऊन.

"माझ्या डोक्यावर नऊशे वीस किलो आहेत?"

"तीस वर्षं आहेत, डॉक्टर."

"पण मला माहीत नव्हतं ना!"

"माहीत नसताना काही झालं नाही."

"दाताचंही तसंच असतं," दंतवैद्य म्हणाले. "कळतं तेव्हाच दुखायला लागतं."

त्या दिवसापासून त्यांनी आपली आरामखुर्ची, टेबल आणि रेडिओ दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला नेले, आणि दारापर्यंत जायचं तर समोरच्या भिंतीला पाठ लावून जाऊ लागले. वर ग्रंथपालांच्या हातून एखादं पुस्तक सुटलं की लगेच फोन येई. "कितीचं होतं?" दंतवैद्य विचारत.

ग्रंथपालांनी शेवटी शरणागती पत्करली. ते जिन्याखालच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "मी टाकीचा अर्ज मागे घेतो. पुस्तकं आहेत तशी राहू देत."

"अर्ज घ्या की मागे," सेक्रेटरी म्हणाले. "रिपोर्ट कसा घेणार? तो आवक नोंदवहीत चढलाय. आणि डॉक्टरांनी लेखी दिलंय, टाकी येवो न येवो, भार कमी करा."

असा सगळा प्रकार. मासे आणायला निघालेला माणूस पुस्तकं घालवून बसला होता. तीनशे सत्तर किलो जाणार हे ठरलं होतं. त्या जागी समुद्र येणार की शिलाई मशीन, एवढाच प्रश्न शिल्लक होता. महिना संपायला नऊ दिवस राहिले होते.

ग्रंथपालांनी न्हाणीघरातला वजनकाटा दिवाणखान्यात आणला. पुस्तक ठेवलं तर काट्यावरचा आकडा झाकला जाई, म्हणून पुस्तकं छातीशी धरून स्वतः उभं राहायचं आणि मग स्वतःला वजा करायचं, अशी पद्धत त्यांनी बसवली. पद्धतीत तसा दोष नव्हता, पण ग्रंथपाल सकाळी एकसष्ट किलो होते आणि दुपारी साठ भरले, तेव्हा आधीच्या सगळ्या नोंदी संशयास्पद ठरल्या आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

खरी अडचण काट्याची नव्हतीच. एक लिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक किलो. हे एकदा डोक्यात शिरल्यावर प्रत्येक पुस्तकाला पाण्याचा भाव आला. जुनं व्याकरण हातात घेतलं: आठशे ग्रॅम. म्हणजे पाऊण लिटरभर समुद्र. एवढ्याशा पाण्यासाठी विभक्ती-प्रत्ययांना घराबाहेर काढायचं? प्रवासवर्णन घेतलं: अर्धा किलो. काढण्याआधी सहज एक पान उघडलं, ते जेवायला हाक आली तेव्हा मिटलं. चार दिवसांत एक्केचाळीस किलो निघाले. पाचव्या दिवशी त्यातले अकरा परत फळीवर गेले.

"किती झाले?" बायकोने विचारलं.

"तीस. पंधरा लिटरची टाकी बसेल."

"त्याला बादली म्हणतात." तिने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "व्हा बाजूला."

"अगं, हे असं घाईने करण्याचं काम नाही. निवडीला काही तत्त्व लागतं."

"तत्त्व आहे माझ्याकडे. दर शनिवारी ही कपाटं मी पुसते. तुम्ही पुस्तक काढलंत की परत ठेवताना ते अर्धं बोट पुढे राहतं. मी ते आत ढकलते. तीस वर्षांत जे मला एकदाही ढकलावं लागलं नाही, ते तुम्ही एकदाही काढलेलं नाही."

वर्गीकरणाची याहून साधी पद्धत ग्रंथपालांना चौतीस वर्षांत सुचली नव्हती. ते बाजूला झाले.

तिला अडखळायला झालं नाही. फळीवरून हात फिरवत जायची आणि मध्येच दोन काढायची, पुढे सरकून पाच काढायची. तत्त्वज्ञानाचे अकरा खंड निघाले. "हे तर मी सगळ्यांना वाचायला सांगतो!" ग्रंथपाल कळवळले.

"सांगता. खरंय."

तर्कशास्त्र निघालं. निर्णय कसे घ्यावेत या विषयावरची दोन पुस्तकं निघाली, ज्यातलं आधी कुठलं वाचावं हे न ठरल्यामुळे दोन्ही राहून गेली होती. आणि मग खालच्या फळीवरून तिने समुद्री प्राण्यांचा सात खंडांचा कोश ओढला. निळी कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, वर दुकानाचा पातळ कागद अजून तसाच.

"तो नको!" ग्रंथपाल पुढे झाले. "तो आता लागेल. टाकीसाठीच तर..."

"सात महिने टाकीचा अभ्यास चाललाय. एकदा तरी काढलात?"

नव्हता काढला. उघडला की शिवण ताणते, अशी त्यांना भीती होती. घेतल्या दिवसापासून तो इतका उत्तम स्थितीत होता, की वाचून त्याचं नुकसान करायला मन होत नव्हतं. हे कारण बोलून दाखवल्यावर फार चांगलं ऐकू येणार नाही असं वाटून त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. सात खंड ढिगावर गेले. तासाभरात सदतीस फूट फळ्या मोकळ्या झाल्या, आणि उरलेल्या पुस्तकांत ग्रंथपालांना एकही परकं दिसेना. सगळीच्या सगळी ओळखीची होती. याचं दुःख करावं की समाधान, हे ठरवायला त्यांना वेळ लागला असता, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि एक विलक्षण गोष्ट केली. दुकानदाराला फोन लावला.

"दोनशे," ते म्हणाले.

"नीट विचार केलात?"

"नाही," ग्रंथपाल म्हणाले, आणि पलीकडून काही ऐकू यायच्या आत फोन ठेवून दिला. मग ते आत जाऊन अर्धा तास पडून राहिले.

ढीग बाहेर पडवीत ठेवला, पण पुढे न्यायचा कुठे? ग्रंथपाल आपल्या जुन्या ग्रंथालयात गेले. काउंटरवरच्या बाईंनी आदराने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि देणगीचा नियम दाखवला: पाच वर्षांहून जुनी पुस्तकं स्वीकारली जाणार नाहीत. "नियम कडक आहे हो," त्या दिलगिरीने म्हणाल्या. ग्रंथपालांनी खालची सही ओळखली. त्यांचीच होती. रद्दीवाल्याला समोरच्या वहिनींनी परस्पर बोलावलं. त्याने तराजू काढला तेव्हा ग्रंथपालांच्या चेहऱ्याकडे बघून तो आपणहून तराजू उचलून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पडवीत नोटीस लागली: येण्याजाण्याच्या मार्गात वस्तू ठेवू नयेत.

तिसऱ्या दिवशी दंतवैद्य भार खरंच कमी झाला की नाही हे बघायला वर आले आणि तर्कशास्त्राला अडखळले. पडले नाहीत, पण आधारासाठी हात टाकला तो कोशाच्या ढिगावर, आणि वरचा खंड हातात आला. ते तो चाळत उभे राहिले. मग खाली, ढिगावरच, बसले.

"याला दात आहेत," ते थोड्या वेळाने म्हणाले.

"कुणाला?"

"या गोगलगाईला. हे बघा. जिभेवर. हजारो, ओळीने! आणि झिजले की मागून नवे पुढे येतात." त्यांचा आवाज बदलला होता. "आणि मी चाळीस वर्षं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "हे सगळं कुठे चाललंय?"

"अजून कुठेच नाही."

"तात्पुरतं माझ्याकडे ठेवा. तोवर."

"पण डॉक्टर, वजन!"

"वजनाचा प्रश्न डोक्यावर असला तर," दंतवैद्य म्हणाले. "पायाखाली काय हरकत आहे?"

तरी त्यांनी इंजिनियर बाईंना फोन करून आपल्या जमिनीचं विचारून घेतलंच. बाईंनी चारशेपर्यंत परवानगी दिली. वरून कोसळतील म्हणून ज्यांची धास्ती घेतली होती, ती तीनशे सत्तर किलो पुस्तकं जिन्याने एकेक पायरी उतरून खाली गेली, आणि दंतवैद्यांनी स्वतः दार धरलं. सही त्यांनी तिथेच, सहाव्या खंडाच्या पाठीवर कागद ठेवून केली.

टाकी आली दहा ते एकच्या वेळात, गोणपाट लावलेल्या लिफ्टमधून. सेक्रेटरी नोंदवही घेऊन हजर होते. चार दिवस पाणी गाळणं, मीठ कालवणं, मोजणं आणि पुन्हा मोजणं चाललं. मग टाकीत समुद्रातून काढलेले जिवंत दगड गेले. दुकानदार त्यांना जिवंत म्हणत होता. दिसायला ते दगडच होते.

"आता प्राणी?" सेक्रेटरींनी पेन सरसावलं.

"सहा आठवड्यांनी. आधी पाणी तयार व्हावं लागतं."

"पाणी तर तयार दिसतंय."

"दिसतंय. झालेलं नाही."

सेक्रेटरींनी नोंदवहीत 'प्राणी: निरंक' असं लिहिलं आणि संशयाने दगडांकडे बघितलं.

सहा आठवडे रिकाम्या टाकीचं कौतुक करणं लोकांना जड जातं. येणारा वाकून बघे, दुसऱ्या बाजूने बघे, मग म्हणे, "दगड छान आहेत." समोरच्या वहिनी रोज येत. "लाजतात का हो तुमचे मासे?" त्या विचारत. ग्रंथपाल रोज सकाळी पाण्याची परीक्षा घेऊन छोट्या बाटलीतला रंग कागदावरच्या रंगांशी ताडून बघत आणि दोन छटांच्या मधल्या छटेवर अडत. हे आपल्याला जमणार नाही, अशी त्यांची खात्री दिवसेंदिवस वाढत होती. मासे नव्हते म्हणून मेले नव्हते, इतकंच. दुकानदाराने एक सूचना देऊन ठेवली होती: दगडांतून कधी कधी नको तो पाहुणा निघतो. नीट ओळखा. ओळख पटली नाही, तर मोठा व्हायच्या आत काढून टाका. एखादा पुढे माशांचा जीव घेतो.

चौथ्या आठवड्यात, सकाळी, बायको काच पुसता पुसता थांबली.

"अहो. हा काल नव्हता."

डाव्या दगडाच्या खाचेतून एक बारीक नळी बाहेर आली होती, आणि तिच्या टोकाला एक पांढरा पंखा. तांदळाच्या दाण्याएवढा. पिसापिसांचा. तो पाण्यात हळूच हलत होता. ग्रंथपाल वाकले, त्यांची सावली पडली, आणि पंखा होत्याचा नव्हता झाला.

ते उठून कपाटाकडे गेले. खालची फळी मोकळी होती. मग चपला घालून खालच्या मजल्यावर गेले. दार उघडायला वेळ लागला. दंतवैद्यांच्या हातात निळा खंड होता आणि खंडात बोट होतं. आरामखुर्ची जुन्या जागी परतलेली दिसत होती, कपाटाला टेकून.

"एक प्राणी ओळखायचा होता," ग्रंथपाल म्हणाले. "नळीत राहणारा. बहुधा चौथा खंड."

"चौथाच चाललाय माझा." दंतवैद्यांनी बोट काढलं नाही. "असं करा, पुढच्या आठवड्यात या. तोवर होईल."

हे वाक्य ग्रंथपालांनी चौतीस वर्षं काउंटरच्या पलीकडून, अगदी याच शांत आवाजात, हजारो लोकांना सांगितलं होतं. ऐकणाऱ्याला कसं वाटतं ते त्यांना माहीत नव्हतं. ते "बरं" म्हणाले आणि जिना चढून वर आले.

"काय म्हणतंय पुस्तक?" बायकोने विचारलं. तिच्या एका हातात फडकं होतं, दुसऱ्या हातात दुकानदाराने दिलेला लांब चिमटा.

"पुस्तक बाहेर गेलंय. पुढच्या आठवड्यात मिळेल."

"पुढच्या आठवड्यापर्यंत हा केवढा होईल कुणाला ठाऊक. ठेवायचा की काढायचा?"

ग्रंथपाल खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. खाचेत फक्त नळी दिसत होती. किती तरी वेळाने टोकाशी काहीतरी पांढरं आलं, थांबलं, थोडं बाहेर आलं, पुन्हा थांबलं. मग एकेक पीस उलगडत गेलं. बायको बघायला पुढे झाली, तिची सावली काचेवरून सरकली, आणि तो पुन्हा आत गेला.

"ठेवायचा," ग्रंथपाल म्हणाले.

"कशावरून?"

कुठल्या पानावरून, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"एवढ्याशा सावलीने जो आत जातो," ते म्हणाले, "तो कुणाचं काय वाईट करणार?"

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. मग चिमटा खाली ठेवला, आणि खिडकीच्या उजेडातून बाजूला सरकून उभी राहिली.